पाण्याला लागला नऊ

परसराम एका जागी दोन मिनिटं बसला, तर खुशाल समजावं की त्याच्या अंगात ताप आहे. एरवी त्याच्या पायाला भिंगरी. जेवता जेवता मधेच उठून दारात बघून येतो, आणि दारात कोणी नसतं. लग्नाच्या पंगतीत हा माणूस शेवटच्या भातापर्यंत बसल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

गाव मोहाडी तालुक्यातलं, करडीच्या पुढचं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तिथं तो दोन कामं करतो. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर फॅट मोजतो, आणि मधल्या वेळात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. म्हणजे टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, नळाचं पाणी तपासायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. पावडर टाकली तर पाण्याला वास येतो म्हणून शिव्या, नाही टाकली तर कोणाचं पोट बिघडलं म्हणून शिव्या. तपासणीची निळी पेटी सायकलच्या कॅरियरला बांधलेली असते.

डेअरीवर त्याची एक रीत आहे. मशीनवर आकडा आला की तो नुसता लिहीत नाही, पुकारतो. "भय्याजी, सात-दोन!" आवाज असा खणखणीत, की चौकातल्या पानठेल्यावरही कळतं कोणाच्या म्हशीनं काय दिलं. आकडा मोठा की दूध दाट आणि मालकाची मान ताठ. एकदा भय्याजीच्या म्हशीला नऊ लागला होता, तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अठरा वर्षं हे ऐकून ऐकून गावाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आकडा मोठा, माल चांगला. आणि परसराम पुकारेल तो आकडा खरा. एकदा त्याच्या सख्ख्या बहिणीच्या दुधात पाणी निघालं, तर यानं तिलाही सोडलं नाही. "मालनबाई, चार-एक!" असं सगळ्यांसमोर पुकारलं. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

ही मालनबाई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून तिनंच याला वाढवलं. तो तिला 'बाई' म्हणतो. शेजारीच राहते, एक म्हैस पाळते, आणि सहा वर्षांपासून बीपीची गोळी खाते.

होळीच्या आधी एका संध्याकाळी डेअरीपुढे मोटारसायकलवरून मनिष नावाचा माणूस आला. पांढरा शर्ट, बोलण्यात साखर. त्यानं बॅगेतून बोटाएवढ्या जाड कांड्या काढल्या. कांडी बाटलीत टाकायची, बाटली दहा मिनिटं हलवायची, की साध्या पाण्याचं अल्कलाईन पाणी होतं. घरी वापरा, शेतावर न्या, लग्नाला नेली तरी चालते. अंगातली आंबट विषं धुऊन निघतात, गुडघे मोकळे होतात, बीपी-शुगरच्या गोळ्या हळूहळू सुटतात, असं तो म्हणाला. लोक ऐकत होते, पण हात खिशातून बाहेर निघत नव्हते. मनिष मुरलेला गडी. त्यानं चौकशी आधीच केलेली असावी.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "तुमच्या गावात पाणी तपासणारा माणूस आहे ना? त्याच्याच पेटीनं तपासून घ्या."

सगळ्यांच्या माना परसरामकडे वळल्या. त्यालाही बरं वाटलं. का वाटू नये? ज्या पेटीकडे कुत्रं ढुंकून पाहत नव्हतं, तिला आज मान मिळाला होता. त्यानं पेटी उघडली, पीएच मोजायची कागदाची पट्टी काढली आणि आधी नळाच्या पाण्यात बुडवली. पट्टी हिरवी झाली. रंगांच्या कार्डाला लावून पाहिली आणि सवयीनं पुकारलं, "साडेसात!" मग कांडीच्या बाटलीत दुसरी पट्टी बुडवली. ती निळी झाली.

"नऊ!"

टाळ्या वाजल्या. त्या दिवशी म्हशीसाठी वाजल्या होत्या, तशाच. भय्याजी तर म्हणाला, "भाऊ, पाण्याले नऊ लागला!" आणि पहिली कांडी त्यानंच घेतली. अर्ध्या तासात मनिषची बॅग रिकामी झाली. मालनबाईनंही एक घेतली.

आता खरी गोष्ट सांगायची तर कार्डावर एक चौकट आहे. साडेसहा ते साडेआठ, आणि खाली लिहिलेलं आहे, पिण्यास योग्य. नऊ त्या चौकटीच्या बाहेर आहे. परसरामनं तालुक्याच्या प्रशिक्षणात हे दोनदा ऐकलं होतं आणि पट्टी कार्डाला लावली तेव्हा त्याला ते दिसलंही होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मग तोंड तसंच मिटलं.

तेव्हापासून त्याची भिंगरी दुप्पट फिरायला लागली. सायकल काढायचा, टाकीवर जायचा, काही न करता परत यायचा. बायको विमलाबाई विचारायची, "काय शोधून राहिले?" तो म्हणायचा, "काही नाही." स्वतःची समजूत घालायचा की नऊनं कोणी मरत नाही. आणि ते खरंही होतं. पण रस्त्यात कोणी बाटली हलवत दिसलं, की तो गल्ली बदलून जायचा. पंधरा दिवस असे गेले.

मग एका दुपारी रिता आली. रिता गावची आशाताई. पर्समध्ये बीपीचं मशीन घेऊन घरोघर फिरते, आणि कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी ती अंगणातूनच मोठ्यानं बोलायला लागली.

"काकाजी, मालनबाईचा बीपी एकशेनव्वदवर गेला आहे. दोनदा घेतला मी. पंधरा दिवसांपासून त्यायनं गोळी बंद केली, माहीत आहे का तुमाले?"

परसराम उठून अंगणात आला. "काहून बंद केली?"

"मी तेच विचारलं. तं म्हणते, परसरामनं नऊ पुकारला ना. पाणीच औषध झालं, आता गोळी कायले?" रितानं पर्सची चेन ओढली. "मी डॉक्टरसाहेबांले फोन केला. ते म्हणतात, गोळी आजच सुरू करा आणि सकाळी दवाखान्यात आणा. मायं ऐकून नाही राहिल्या त्या. डोकं दुखून राहिलं म्हणते, वरून बाटली हलवते. तुमीच सांगा. उशीर करू नका, बीपी असाच चढलेला राहिला तं एक बाजू लुळी पडते माणसाची."

तो अनवाणीच बहिणीच्या घरात शिरला. मालनबाई भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. शेजारी बाटली, बाटलीत कांडी.

"बाई, गोळी घे."

"कायले?"

"त्या पाण्यात काही नाही. गोळीचं काम गोळीच करते."

मालनबाईनं डोळे उघडले. "तूच तं नऊ म्हणला."

"म्हणलो. पण नऊ म्हणजे..." तो खाली वाकला, जवळजवळ कानातच बोलला. "नऊ म्हणजे चांगलं नसते, बाई. पाण्याले साडेसातच पायजे."

"हळू काहून बोलून राहिला?"

त्यानं वळून दाराकडे पाहिलं.

"तुयी जबान मले माहीत आहे," मालनबाई म्हणाली. "माया दुधात पाणी निघालं तवा चौकात पुकारलं तुनं. मले लाज वाटली, पण मी म्हणलं, भाऊ खरा आहे. नऊ बी चौकात पुकारला. आता रितानं दम दिला तं घरात येऊन कानात बोलतो. मी कोणतं खरं मानू? आणि मी एकटी नाही. माया सांगण्यावरून शेजारच्या पार्वताबाईनं बी सोडली गोळी. तिले काय सांगू, भावानं कानात सांगतलं म्हणून?"

"बाई, तुया पाया पडतो. जीवाचा खेळ आहे."

"मंग जिथं बोलला तिथं बोल," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. या बाईचा हट्ट असा, की बैल हलेल पण ही हलणार नाही.

दुपारचे दोन वाजले होते. डेअरी उघडायला साडेतीन तास. परसरामला ते साडेतीन तास कसे काढावे कळेना. दर पंधरा मिनिटांनी तो बहिणीच्या दारात जाऊन यायचा. तोंड वाकडं झालं का, हात उचलता येतो का, पाहायचा. ती एकदा चिडून म्हणाली, "मेली नाही मी, जा." त्याला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. टाळ्या किती वेळ वाजल्या असतील? मोजून दहा सेकंद. तेवढ्यासाठी गप्प बसलो, याची त्याला किळस आली.

रिकामे हात शांत बसेनात, म्हणून त्यानं पट्ट्या काढल्या आणि दिसेल त्यात बुडवायला सुरुवात केली. चहा. ताक. लिंबाचं पाणी. विमलाबाई कपडे धूत होती, तिच्या बादलीत बुडवली. पट्टी निळी. कार्डाला लावली. नऊच्या वर, दहाच्या खाली.

"अहो, साबणाचं पाणी आहे ते," विमलाबाई म्हणाली.

"तेच तं!" तो ओरडला. मग तंबाखू मळायला घेतली, आणि चुन्याच्या डबीकडे पाहतच राहिला. चिमूटभर चुना वाटीभर पाण्यात कालवला, निवळू दिला, पट्टी बुडवली. पट्टी गडद जांभळी झाली. आकडा पाहून त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर बसून घेतलं.

साडेपाचला डेअरीपुढे रांग लागली. भय्याजी सगळ्यांत पुढे. मागं मालनबाई पण होती, फडकं तसंच डोक्याला, हातात दुधाची बरणी. रिता तिच्या बाजूला उभी, दंडाला धरून.

परसरामनं मशीन सुरूच केलं नाही. टेबलावर तीन पेले मांडले.

"दूध थांबवा. आधी पाणी मोजतो," तो म्हणाला. पहिल्या पेल्यात भय्याजीच्याच बाटलीतलं कांडीचं पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. "नऊ!"

दोघा-तिघांनी हसून मान डोलावली. दुसऱ्या पेल्यात विमलाबाईच्या बादलीतलं पाणी होतं, फेस निवळलेला. "साडेनऊ!"

"हे कोणत्या कंपनीचं?" भय्याजीनं विचारलं.

तिसऱ्यात पट्टी बुडवली आणि परसरामनं छाती भरून पुकारलं, "बारा!"

रांगेत गलका झाला. बारा कोणी ऐकलाच नव्हता. मागून कोणीतरी विचारलं, ह्याची कांडी कुठं भेटते. परसरामनं शेवटचे दोन्ही पेले उचलून भय्याजीपुढे धरले.

"पी. साडेनऊवालं साबणाचं पाणी आहे. बारावाला चुना आहे. आकडा मोठा, माल चांगला, नाही का? पी ना!"

भय्याजी एक पाऊल मागे सरला. परसरामनं पेले टेबलावर आदळले, पाणी सांडलं.

"पाणी दूध नसते गा. त्याची फॅट नाही लागत. हे कार्ड पाहा. साडेसहा ते साडेआठ, बस. आपल्या नळाचं साडेसात आहे, तेच बराबर. कांडीनं बीपी जात नाही, शुगर जात नाही. ज्यायनं ज्यायनं गोळ्या सोडल्या, त्यायनं आजच रितापाशी जावं."

मग भय्याजीच बोलला, आणि चांगलाच तापून बोलला. "हे कार्ड त्या दिवशी बी होतं ना तुयापाशी?"

"होतं."

"पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मंग तवा काहून नाही बोलला?"

परसरामनं खोटं सांगण्यासारखं काही शोधलं. चष्मा नव्हता, अंधार होता, विसरलो. पाचशे बहाणे होते. रांगेच्या मागे फडकं बांधलेलं डोकं दिसत होतं.

"टाळ्या वाजल्या गा," तो म्हणाला.

यावर हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. भय्याजीनं बाटलीतून कांडी काढून टेबलावर आपटली. मग बरणी पुढे केली, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः वाकून मशीनवरचा आकडा वाचला. त्याच्या मागच्यानंही वाचला. त्याच्याही मागच्यानं. पार्वताबाईनं दूध मोजून घेतलं आणि रिताच्या मागे जाऊन उभी राहिली. परसराम पुकारत राहिला, पण त्याच्या आवाजावर आता कोणी मान हलवत नव्हतं. हे असंच होणार हे त्याला दुपारीच कळलं होतं, तरी झोंबायचं ते झोंबलंच.

मालनबाईचा नंबर आला. तिनं बरणी खाली ठेवली आणि पदराची गाठ सोडली. गाठीत गोळ्यांचं पाकीट होतं. पंधरा दिवस ती ते पदराला बांधूनच फिरत होती. तिनं एक गोळी तळहातावर काढली.

परसराम धावतच नळाकडे गेला, पेला भरून घेऊन आला. तिनं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही.

"किती लागला?"

"साडेसात, बाई."

"मले ऐकू नाही आलं."

परसरामनं घसा खाकरला. पेटीतून पट्टी काढली, पेल्यात टोक बुडवलं, कार्डाला लावलं. मग सगळ्या रांगेला, पानठेल्याला, पार चौकाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं, "मालनबाई, साडेसात!"

टाळी कोणीच वाजवली नाही. बाईनं गोळी जिभेवर ठेवली आणि वरून पेलाभर साडेसात पिऊन टाकलं.