सहा महिन्यांनंतरची आरोही

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळच काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. बहीण रहाटणीत आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तरी तिला कळतं — पण हे कळलेलं नाही. ओठांवर आलं की मी दुसराच विषय काढते. त्यात मी तरबेज आहे. पगार त्याचाच मिळतो मला.

मी आरोग्याची उत्पादनं करणाऱ्या एका कंपनीत आहे. चाकणला कारखाना. लहान मुलांसाठी पोषण पावडर, बायकांसाठी लोहाचं टॉनिक, म्हाताऱ्यांसाठी गुडघ्यांच्या गोळ्या. कंपनी गोरगरिबांसाठी काही ना काही करत असते, आणि ते कुठे करायचं, कुणासाठी करायचं, हे बघणारी बाई मी. समाजानं आपल्याला भरभरून दिलं, आता आपण समाजाला परत द्यायचं, असं आमचे मोठे साहेब प्रत्येक भाषणात म्हणतात. म्हणताना त्यांचा गळा दाटून येतो. खरंच दाटतो, नाटक नसतं ते. मला हल्ली त्या खऱ्या दाटण्याचीच जास्त किळस येते.

काय परत द्यायचो आम्ही? मुलांच्या पावडरीची आंबा-वेलची चव बाजारात सपशेल आपटली. दुकानदार डबे कंपनीला परत पाठवायला लागले. मग एका मीटिंगमध्ये कुणाला तरी समाज आठवला. पावडर खराब नव्हती, मुदतही संपलेली नव्हती — तसं काही नाही. फक्त ती कुणाला नको होती. त्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या.

पण बघा, घसरले ना मी कंपनीवर? कंपनीला शिव्या घालणं किती सोयीचं असतं. मला सांगायचंय ते कंपनीचं नाही. माझ्या या दोन हातांचं आहे.

आमच्याकडे फोटोंची एक पद्धत होती. एक फोटो 'आधी'चा, एक 'नंतर'चा. मध्ये सहा महिने मुलानं पावडर प्यायची, अंगाला लागायची, मग दुसरा फोटो. निदान सांगायला तसं. पण सहा महिन्यांनी फोटोग्राफरला घेऊन पुन्हा कोण जाणार? वस्तीतली माणसं तोवर कुठल्या कुठे पांगलेली असतात. म्हणून दोन्ही फोटो एकाच सकाळी उरकायचे. आधी पोर जसं असेल तसं उभं करायचं. मग तोंड धुऊन, केस विंचरून, हातात दुधाचा ग्लास देऊन. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. पुढे नव्या लागलेल्या मुलींना मीच ते शिकवायला लागले, आणि त्या हसल्या की मला राग यायचा.

मोशीत नव्या टॉवरांच्या मागे, इंद्रायणीकडे उतरताना पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती आहे. बहुतेक मराठवाड्यातली माणसं. तिथे मंगल राहायची. टॉवरांमध्ये धुणीभांडी करायची. तिचा नवरा सुदाम ट्रेलरवर ड्रायव्हर — चाकणहून नव्या कोऱ्या गाड्या लादायच्या आणि उत्तरेकडे न्यायच्या; एकदा निघाला की कित्येक आठवडे त्याचं तोंड दिसायचं नाही. त्यांना एकच मुलगी, आरोही. शाळेत नुकतीच जायला लागलेली.

फोटोंच्या आदल्या दिवशी मी वस्तीत जाऊन सांगून आले होते, उद्या कंपनीचे लोक येणार, मुलांचे फोटो काढणार. इथेच चुकले. फोटो काढणार म्हटल्यावर कुठली आई पोराला शेंबडं ठेवेल? सकाळी पोचले तर सगळी वस्ती लग्नाला निघाल्यासारखी. पोरांचे भांग चापूनचोपून पाडलेले, गालांवर पावडर, एकाच्या गळ्यात तर टाय. फोटोग्राफर वैतागला. म्हणाला, मॅडम, ह्यांच्यातलं 'आधी' कुठंय?

आणि आरोही. पिवळा, जाळीचा फ्रॉक — तिच्या बापानं जयपूरहून आणलेला. चप्प तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. डोळ्यांत काजळ. मंगलनं तिला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "मॅडम, येक फोटू मला बी द्या. ह्यांना धाडते मोबाइलवर. फ्राक आणल्यापास्नं अंगावर बघितला न्हाई त्यांनी." मी म्हटलं, देते की.

आता — आता आलं ते. तिथे आणखीही मुलं होती. दुसरं कुणीतरी चाललं असतं. पण आरोहीचे डोळे मोठे होते, फोटोत चांगले येणारे. मी मंगलला म्हटलं, हिला घरातले कपडे घाल. ती म्हणाली, घरातले? फोटो हाय ना, मॅडम? तरी आत गेली आणि दुसरा फ्रॉक घेऊन आली. धुतलेला, घडी केलेला. त्या घरात फाटकं असं काही पोरीचं नव्हतंच. बाहेर दोरीवर एक पुरुषाचं बनियन वाळत होतं, भोकं पडलेलं. ते मी ओढून काढलं. फोटोग्राफरनं नाही — मी. फ्रॉकची मागची बटणं मी काढली. बनियन मी तिच्या गळ्यात घातलं, ते तिच्या गुडघ्याखाली आलं. वेण्या मी सोडल्या आणि केसांत बोटं घालून ते विस्कटले. रुमाल ओला करून तोंडावरची पावडर पुसली, तर काजळ गालभर पसरलं. फोटोग्राफर म्हणाला, मस्त, राहू द्या.

मंगल हसत होती. का हसत होती? मॅडम करतायत म्हणजे त्यात काहीतरी चांगलंच असणार, म्हणून. आरोही मात्र आईकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती, आणि मग ती रडायलाच लागली. चार माणसांत अंगावरचा नवा फ्रॉक काढल्यावर कुठलंही पोर रडेल. मी तिला जवळ घेतलं का? गप्प केलं का? मी फोटोग्राफरला म्हणाले, "घे. पटकन घे."

मग मंगलनं तिला पुन्हा नटवलं. एक रिबिन सापडेना, म्हणून एका वेणीला साधं रबर लावलं. हातात आंबा-वेलचीचा ग्लास दिला, फोटोग्राफरनं तोंडं वेडीवाकडी केली, आणि पोरगी खुदकन हसली. झाला 'नंतर'चा फोटो. मंगलनं पहाटे उठून पोरीवर जी मेहनत घेतली होती, ती आम्ही पावडरीच्या नावावर लावून टाकली. मंगलला फोटो पाठवायचा मात्र राहिला. रिबिन त्या रात्री किल्ल्या शोधताना माझ्या पर्समध्ये सापडली. देऊ कधीतरी, असं म्हणून तिथेच ठेवली.

पुढे चाकणच्या हमरस्त्यावर आमचा भला मोठा फ्लेक्स लागला. डावीकडे बनियनमधली, काजळ पसरलेली, रडणारी आरोही. उजवीकडे पिवळ्या फ्रॉकमधली. मध्ये ठळक अक्षरांत — सहा महिन्यांनंतर. साहेबांनी खास कौतुक केलं माझं. फ्लेक्स लागला होता त्याच्या समोरच ट्रेलर उभे करायची जागा आहे. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आलं असतं तरी मी काय केलं असतं?

एके दिवशी गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, कुणी ड्रायव्हर बायकापोरांसह आलाय, ऐकत नाही. मी बाहेर गेले. सुदामला मी पहिल्यांदाच बघत होते. प्रवासातूनच आलेला, दाढी वाढलेली. त्याच्या दोस्तांनी त्याला फ्लेक्सखाली नेऊन विचारलं होतं, भावा, ही तुझीच पोरगी ना रे? तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हात जोडून बोलत होता.

"मॅडम, भांडाया न्हाई आलो. फकस्त खरं काय ते सांगा. ते बनियन माझं हाय. म्या तिकडं रोडवर मरतो, आन ही हितं माझं फाटकं बनियन घालून लेकराला हिंडवती का? ही म्हणती, मॅडमनीच घातलं."

मंगल माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं वाटत होतं तिला. मॅडम आल्या, आता मॅडम सांगतील. "सांगा की, मॅडम. तुमीच काढलं ना दोरीवरलं?"

खरं बोलायला किती वेळ लागला असता? पण खरं बोलायचं म्हणजे 'सहा महिन्यांनंतर' खोटं, फ्लेक्स खोटा, साहेबांचं भाषण खोटं. आणि मग ते कुणी केलं, हा प्रश्न. मी सुदामला म्हणाले, "दादा, मुलांना आया जसं आणतात, तसंच आम्ही उभं करतो."

वाक्य बघा किती साफ आहे. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. ऑफिसात बसून बसून अशी वाक्यं यायला लागतात तोंडात. सुदाम तिच्याकडे वळला, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते मी बघितलं, आणि बघून तशीच उभी राहिले.

मग आरोही बोलली. बापाच्या मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो होता, त्यातल्या पिवळ्या फ्रॉकवर बोट ठेवून. "पप्पा, ह्यांनीच सोडली माझी वेणी. बघा, येकच रिबिन हाय. दुसरी ह्यांच्याकडं राहिली."

सुदामनं फोटो नीट बघितला. एका वेणीला रिबिन, दुसरीला रबर — होतंच ना ते, साऱ्या चाकणला दिसेल एवढं मोठं. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हसले. "मुलं काय, काहीही बोलतात." सिक्युरिटीवालाही हसला. रिबिन तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होती. पोरगी त्या पर्सकडेच बघत होती.

ते गेल्यावर मी कँटीनमध्ये जेवायला गेले. जेवले — हेही सांगायला हवं, व्यवस्थित जेवले. ताट ठेवताना रिबिन काढली आणि खरकट्याच्या डब्यात टाकली. वर दिसत राहिली, म्हणून चमच्यानं उरलेल्या भाताखाली ढकलली. स्वतःची शिसारी येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. सुटले, एवढंच वाटलं.

पावडरीच्या पुढच्या वाटपाला वस्तीत गेले, तेव्हा मंगलच्या शेजारणीनं सांगितलं. सुदाम पोरीला परभणीकडे गावी, आपल्या आईजवळ ठेवून आला. आजीपाशी तरी धड कपडे अंगावर राहतील, म्हणाला म्हणे. मंगलनं पाय धरले, तरी ऐकलं नाही. शेजारीण सांगत होती आणि मी तिच्या हातात डबा देत होते.

मध्यंतरी पुनावळ्याला ऑफिसातल्या एका मैत्रिणीची वास्तुशांत होती. मागच्या बाल्कनीत हात धुवायला गेले, तर केटररबरोबर भांडी घासायला आलेली मंगल. वाळली होती. मला वाटलं, आता ही साबणाचा हात माझ्या तोंडावर मारेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. ती उठून उभी राहिली. पदराला हात पुसले.

"मॅडम, येक इचारू का? तुमाला त्या दिवशी खरंच आठवत नव्हतं ना?"

मी म्हणाले, "नाही गं. इतकी मुलं असतात."

"मी तेच म्हणलं ह्यांना," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा मोकळाच झाला. "मॅडमला आठवत असतं तर त्या खोटं कशाला बोलल्या असत्या? कामाच्या माणसाच्या ध्यानात न्हाई राहत." मग तिनं नवऱ्याचा नंबर सांगितला, तोंडपाठ, आणि मी तो माझ्या फोनमध्ये घातला. "कधी आठवलं तर येक फोन करा ह्यांना. तुमचं ऐकतील. पोरगी यील माझी."

आठवलं तर नक्की करते, असं मी म्हणाले.

फ्लेक्स केव्हाच उतरवला, तिथे आता दुसराच लागलाय. आरोही अजून गावीच आहे. नंबर माझ्याकडे आहे. आणि आठवणीचंच म्हणाल, तर त्या सकाळी तिच्या वेण्या सोडताना माझ्या बोटांना लागलेलं खोबरेल — संध्याकाळी घरी कणीक मळतानाही हाताला त्याचा वास येत होता — ते मला आत्ता, हे लिहितानासुद्धा आठवतंय. फोन केलेला नाही.