निवलेले इंजिन

१९९६च्या उन्हाळ्यात बाबा मला घेऊन पिंपळगावला जुनी मोटार पाहायला गेले. आईला दर सोमवारी नाशिकच्या दवाखान्यात न्यावे लागे. आज माझ्या गाडीचे बॉनेट उघडताच त्या दिवशीचाच तापलेल्या रबराचा वास आला.

"सकाळपास्नं चालूच नाय केली, भाऊ," त्या जुन्या मोटारीचा मालक तेव्हा म्हणाला.

बाबांनी रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग मला विचारले, "हे काय?"

"कार्बोरेटर."

"आणि हे?"

"डिस्ट्रिब्युटर."

"अहो, पोरीची शाळा घरी घ्या की!" मालक हसला.

बाबा एकेक वायर दाखवत राहिले. मला ती माझी परीक्षा वाटली. खरे तर मालकाने आधीच तापवून ठेवलेले इंजिन निवण्याची बाबा वाट पाहत होते; गार इंजिनच दोष दाखवते.

तासाभराने त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

सोमवारी आईला आम्ही एसटीने नेले.