बट्टी, तूप आणि फ्रान्सची पांढरी वाइन

फोन ठेवू नकोस गं, नीट कानाशी धर. पुण्यात बसून म्हणतेस, खान्देशात तिखटाशिवाय आहे काय? एवढ्यात इकडे फिरकली नाहीस, आणि वर असलं बोलणं! ऐक आता, थंडीत मी धुळ्याहून जळगावला कशाला गेले होते ते.

माझी नात सायली हॉटेलचं शिक्षण घेते. शेवटची परीक्षा अशी, की ते देतील त्या वाइनला शोभेल असं ताट आपल्या मुलखातल्या जेवणातून मांडायचं. जमलं तर मुंबईच्या मोठ्या हॉटेलात नोकरी. हिच्या वाट्याला आली फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठची पांढरी, एर्मिताज नावाची. मोठी दमदार, म्हणे. तिकडे लोण्यातला मासा, भाजलेली कोंबडी असल्या जेवणाबरोबर घेतात. सरावाला एकच बाटली. पोर रडकुंडीला आली. "आजी, मी सरळ चीज मांडते."

"चीज कुठल्या गावचं तुझ्या? ऊठ, गाडी सांग."

पहिला मुक्काम सोनगीर. ढाब्यावरच्या भाऊने आम्ही हात धुवून येईतो बाटली बर्फात खुपसली. सायलीने पेला नाकाला लावला, कसलाच वास नाही. ही वाइन फार गार केली की मुकी होते, ती म्हणाली. मग किल्ल्याकडे बघत बसलो. अंगातली थंडी गेली तशी बाटली बोलू लागली, भाजलेल्या बदामाचा वास, मागून मधाचा. चव मात्र गोड नाही हं! पण शेवभाजीचा घास घेऊन वर घोट घेतला, तर जिभेवर निखारा. तिखटाने वाइनमधली दारूच तेवढी भडकते. सायली चव घ्यायची आणि वाटीत थुंकायची, त्यांची रीतच तशी. भाऊ बघतच राहिला. "अक्का, थुकनंच शे, तं इतली महाग लई उनात कशाले?" (थुंकायचंच आहे, तर इतकी महाग आणलीत कशाला?)

पुढे धरणगावला मावसबहिणीच्या शेतात भरीत. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली होती. त्या धुराच्या वासाशी वाइनचं जुळेल, असं सायलीला वाटलं. मी बहिणीला बजावलं, मिरची नावाला टाक. हो हो म्हणाली, आणि माझी पाठ वळताच मूठभर मिरच्या जास्त कुटल्या.

"अगं, काय केलंस हे?"

"पाव्हनी शे ना ती! फिकं वाढसू तं लोके काय म्हनतीन?" (पाहुणी आहे ना ती! फिकं वाढलं तर लोक काय म्हणतील?)

आता सांग, भांडायचं कोणाशी? आपल्याकडे जितका मान, तितकं तिखट. गाडीत सायली म्हणाली, "परत फिरू." मी ड्रायव्हरला म्हटलं, "मेहरूणला घे."

जळगावातल्या या मेहरूणला माझी धाकटी नणंद विमल राहते. वरण-बट्टीचा बेत होता. वांग्याची भाजी वाढायला ती आली, तशी मी सायलीच्या ताटावर आडवा हात धरला.

"वहिनी, भाजीशिवाय पान? पोर म्हणेल, आत्याआजीने उपाशी ठेवलं."

"म्हणू दे. तू तूप आण."

सायलीने खमंग तळलेली बट्टी कुस्करली, वर तुरीचं साधं वरण, नुसतं हळद-मिठाचं. विमलने तूप असं ओतलं, की बट्टीभोवती तळं झालं. घास, मग घोट. मी वाटी पुढे केली. सायलीने ती बाजूला सारली आणि घोट गिळला.

"आजी, तूप हिला धरून ठेवतंय गं. वास केवढा खुलला!"

मीही चाखली. बदाम आणि तूप तोंडात भेटले, कोणी कोणाला दाबलं नाही. मग विमलने सूड उगवल्यासारखी भाजी वाढली, ती आम्ही पाणी पीत खाल्ली.

परीक्षेत एकाने विचारलं म्हणे, "खान्देशचं ताट, आणि तिखट कुठाय?" ही म्हणाली, "घरी या, आजी वाढेल."

नोकरी लागली. जळगावच्या त्या फेरीत मला एवढंच कळत होतं, की हिला जिंकवायचंय. जिंकली की घरातून जाईल, हे तेव्हा मनात आलंच नाही. आता बॅगा भरून दाराशी आहेत. रोज संध्याकाळी तीच बट्ट्या तळते, मला चुलीजवळ येऊ देत नाही. ती आहे तोवर ये गं. लवकर ये.