जो मागे, तो मावशीचा

फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बसस्टँडवर मोबाईलवर सेमीफायनलच्या हायलाईट्स पाहत होतो. दुपारी जळगाव जामोदला पोचून, कोणी कोणाला कसं हाणलं ते आजारी मावशीला साग्रसंगीत सांगायचं होतं. "गेली रे तुही मावशी," एवढंच काका, म्हणजे तिचे यजमान, बोलले. मोबाईलवर ती जिंकलेली पोरं नाचतच होती...

आमची कमलमावशी भाजी पिकवायची, बाजारात बसून विकायची आणि फुटबॉल पाहायची. क्रिकेट नाही हो, फुटबॉल. छतावर डिशची छत्री होती, महिन्याचं काही भरायचं नाही, आणि तिच्यावरच्या एका फुकट चॅनेलवर एकदा मोठी स्पर्धा सापडली ती सापडलीच. देश कुठला, खेळाडू कोण, तिला काही देणंघेणं नसायचं. नियम एकच, जो मागे तो आपला. आता गंमत बघा, मागचा पुढे गेला की मावशी टुणकन दुसरीकडे. एकाच सामन्यात दोनतीनदा पार्टी बदलायची. शेजारच्या रेहानाभाभी कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अवो कमलबाई, आत्ता तं याहीच्यासाठी दुआ मांगत होत्या तुम्ही."

"मंग? त्याहीचं झालं ना काम. आता याहीले कोण हाय?"

मी भरतीच्या परीक्षेत पुन्हा आपटलो तेव्हा सगळं घर माझ्यावर तुटून पडलं होतं. मावशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "तू सध्या मागं हायेस, म्हणून मी तुह्याकडून. पुढं गेला की पाहू." त्या दिवशी तिच्याइतकं जवळचं मला जगात कोणी वाटलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिचं एकच टुमणं होतं, मले फायनल पाहाची हाय. डॉक्टरांनी हात टेकले, तरी हिचं आपलं तेच. आणि नेमकी फायनलच्या तोंडावर गेली. याचा मला अजून राग येतो.

तेरवी व्हायची होती. सुतकाच्या घरात टीव्ही लावायचा कसा? फायनलच्या संध्याकाळी रेहानाभाभी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या आणि जाईनातच. सगळ्यांचं लक्ष फडकं टाकलेल्या टीव्हीकडे. काकांची मोठी बहीण तेवढी पुटपुटली, "लोकं काय म्हणतीन?" काका उठले आणि त्यांनी फडकं काढलं. "तिचा जीव अडकला होता याच्यात. लाव रे."

आणि काय सामना झाला, काय सांगू! पहिला गोल झाला मात्र, कोणी कोणाला न सांगता अख्खं घर गोल खाणाऱ्यांकडून. भाभी ओढणी खोचून "दौड ना बाबा, दौड" करत होत्या. काकांची बहीण सरकत सरकत पार टीव्हीपुढे. सामना हातचा जातो की काय असं वाटत असतानाच घुसला, गोल घुसला! मी काकांना मिठीच मारली. हसत होतो की रडत होतो, मला ठाऊक नाही.

मग एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं, बरोबरी झाली होती. बरोबरीत मावशी दोन्ही गोलकीपरांची तोंडं न्याहाळायची, त्यातला कोण जास्त घाबरलाय ते ठरवायची आणि फर्मान काढायची, आता हा आपला. तिच्याशिवाय ते कोणालाच जमत नव्हतं. काका तिच्या रिकाम्या खाटेकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आता कोणाकडून व्हाचं वं?"