पारापुढून पळताना

लग्नानंतर कित्येक वर्षं माझे सासरे, म्हणजे मामा, माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण बिलकुल नव्हतं, आमच्याकडची रीतच तशी. सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सासऱ्यांनीही सुनेशी नाही. चहा हवा असला की मामा भिंतीकडं बघून म्हणायचे, "कुणी चहा टाकून राह्यलं का?" मी चुलीपाशी, तीन हातांवर. मी आधण ठेवायचे आणि सासूबाईंना म्हणायचे, "आत्याबाई, मामांना म्हणावं, साखर संपत आली." आत्याबाईंचं अर्धं आयुष्य आमचे निरोप इकडून तिकडं करण्यात गेलं. मामांना मी काय म्हणाले ते नीट ऐकू आलेलं असायचं, तरी आत्याबाई ते पुन्हा सांगायच्या आणि मामा पुन्हा नव्यानं ऐकायचे.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, केदारखेड्याच्या अलीकडं. कपाशी, मका आणि मिरची. माझं माहेर मात्र अंकुशनगरचं, वडील साखर कारखान्यात कामाला होते. हंगामात कॉलनीपासून शाळेपर्यंत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. मी त्या रांगेच्या कडेनं पळतच शाळा गाठायचे, आणि एखाद्या गाडीतलं कांडं ओढून घेतलं असलं की मंग तर विचारूच नका. तालुक्याच्या शर्यतीत अनवाणी पळून दोनदा पहिली आल्ते. मंग लग्न झालं आणि माझे पाय चालायला लागले.

सासरी चालण्याचीही एक रीत होती. गावात शिरताना मारुतीसमोर लिंबाचा मोठा पार आहे. जाणती माणसं तिथं दिवसभर बसलेली असायची, मामांची जागा खोडाला टेकून. गावातल्या सुनांनी पारापुढून जाताना पायातली चप्पल काढून हातात घ्यायची, पदर पुढं ओढायचा आणि खाली बघत निघून जायचं. पारावर कुणी नसलं तर चप्पल घालून गेलेलं चालायचं, कारण मान दगडाला नव्हता, बसलेल्या माणसांना होता. गावच्या लेकींना हे काही लागू नव्हतं. पण सून म्हातारी झाली तरी सूनच. आत्याबाईंचे केस पांढरे झाले होते तरी त्यांच्या चपला पार आला की हातात यायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झालं की आमच्या गावात पोरांच्या शर्यती व्हायच्या. त्या वर्षी शाळेच्या हेडमास्तरांच्या मनात आलं की बायांचीही दौड ठेवायची. फाट्यापासून शाळेपर्यंत, डांबरी रस्त्यानं, लेक असो की सून, कुणीही पळावं. बचत गटाच्या बैठकीत येऊन त्यांनी विचारलं, "कोण कोण पळतंय?" सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसत होते, आणि हसता हसता माझा हात वर गेला. घरी आल्याबरोबर मी ते आत्याबाईंच्या कानावर घातलं.

संध्याकाळी मामा जेवायला बसल्यावर आत्याबाईंनी विषय काढला. "अवो, हिनं दौडीत नाव देल्लंय."

मामांचा हात ताटातच थांबला. ते भिंतीला म्हणाले, "पळती त पळू दे. पण मधी पार येतो, हे म्हाईत है का तिला, इचार."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. झालं, एवढ्यावरच ते बोलणं मिटलं. ना हो, ना नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "तुमी तरी विचारा ना त्यांना एकदा." ते म्हणाले, "मी न्हाई बा. नाव तू देल्लं, तूच निस्तर." माझं डोकंच सणकलं. पण बाजाराच्या दिवशी हाच माणूस खताच्या रिकाम्या गोणीत लपवून कॅनव्हासचे पांढरे बूट घेऊन आला, पोरं पीटीला घालतात तसले. "जल्दी घालून बघ, बराबर येतेत का. न्हाई त बदलून आणतो," म्हणाले आणि दार लोटून घेतलं. बापाला विचारायची छाती नव्हती, पण बूट आणायची होती. मला हसूही आलं आणि रडूही.

बूट बराबर आले. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की पारापुढं थांबायचं नाही. बूट पायात ठेवून, सगळ्यांच्या देखत, पळतच जायचं. मंग मामांनी घरातून काढलं तरी बेहत्तर. मी हे कुणाला बोलले नाही. पण मामांनी ओळखलं असावं, कारण दौडीच्या आधी दोन दिवस ते भिंतीशीसुद्धा बोलले नाहीत. चहाही मागितला नाही. मी आपली ठेवत गेले आणि आत्याबाई नेऊन देत गेल्या.

झेंडावंदन झालं आणि ट्रॉलीत उभं राहून आम्ही दहा-बारा जणी फाट्यावर गेलो. ट्रॅक्टर ह्यांनीच आणला होता. हायस्कुलातल्या चार पोरी पंजाबी ड्रेसात, बाकी आम्ही साड्या वर खोचलेल्या. मला लेस नीट बांधता येत नव्हती, बूट कधी घातले होते मी? ह्यांनी ते पाहिलं, ट्रॅक्टरवरून उतरले, रस्त्यात खाली बसले आणि सगळ्या बायांसमोर माझ्या बुटांच्या लेस बांधल्या. सुटू नयेत म्हणून गाठीवर गाठ मारली. बाया खदाखदा हसत होत्या. ह्यांचे कान लाल झाले होते, पण गाठी पक्क्या होईपर्यंत ते उठले नाहीत.

हेडमास्तरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही सुटलो.

लग्नानंतरच्या त्या पहिल्या पळण्याबद्दल काय सांगू. आधी छाती भरून आली, पोटऱ्यांना गोळे येतात की काय वाटलं, बूट जड लागत होते. मंग कुठंतरी, ओढ्यावरच्या फरशी पुलाच्या अलीकडं, श्वास आपला आपण लयीत आला. रात्री पाऊस होऊन गेला होता, रस्ता धुतलेला, दोन्ही अंगांना कपाशी फुलावर आलेली. रोज ह्याच रस्त्यानं डोक्यावर काही ना काही घेऊन मी जात-येत होते आणि मला तो कधी दिसलाच नव्हता. मिरचीच्या वावरात तोडणीला वाकलेल्या बाया एकेक करून उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. मिरच्यांनी भरलेल्या ओट्या धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. माझा पदर कधीच डोक्यावरून खाली आला होता. मला इतका आनंद होत होता की भीती वाटायला लागली. हे सगळं माझ्याकडं एवढी वर्षं होतं तरी कुठं, असं वाटलं.

मी पहिली होते. हायस्कुलच्या दोन पोरी पाठोपाठ होत्या, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, बाकीच्या बऱ्याच मागं पडलेल्या. वळण घेतलं आणि लिंब दिसला. पार भरलेला होता, सुट्टीचा दिवस म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच. खोडाला टेकून मामांचा फेटा. मी मनात म्हणत होते, थांबायचं नाही, थांबायचं नाही.

आणि पारासमोर आले तशी मी थांबले.

मी थांबवलं नाही हो, पाय आपले आपणच थांबले. हात पदराकडं गेला, पदर पुढं ओढला गेला आणि मी रस्त्यात खाली बसून बूट काढायला लागले. पोरी माझ्या शेजारून निघून गेल्या. त्या गावच्या लेकी, त्यांना कोण अडवणार. मी लेस ओढत होते आणि ती सुटत नव्हती. गाठीवर गाठ, वरून ओली झालेली. नखं दुखायला लागली. मला ढसाढसा रडू आलं, ते बूट निघत नव्हते म्हणून नाही. मी ठरवलेलं माझ्या पायांनीच ऐकलं नाही म्हणून.

तेवढ्यात काठी वाजली. पदराआडून मी बघितलं तर मामा उठत होते. त्यांचे गुडघे गेलेले, पारावरून उठवायला रोज दोघं लागायचे. ते एकटेच काठीवर भार देऊन उठले. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं, अण्णा?" मामा त्यांना म्हणाले, "उठा."

"आं?"

"उठा म्हन्लं समदे."

त्यांच्या बोलण्याला पारावर वजन होतं. एकेक जण उठला. धोतरं झटकत, फेटे सावरत, काहीजण एकमेकांच्या खांद्याला धरून. कलेक्टरची जीप आली तरी ह्यांतले अर्धे बसूनच राहायचे, ते सगळे उभे राहिले. पारावर बसलेलं माणूस म्हणून एक उरलं नाही. मी रस्त्यात बसलेली, हातात लेसचं टोक, आणि वर माझ्यासमोर माझं अख्खं सासर उभं. अंगावर काटा आला माझ्या. आजही हे सांगताना येतो.

मामांनी माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही, आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं.

"मान बसल्या माणसाचा अस्तो," ते म्हणाले. "हितं कुनी बसलेलं न्हाई. पळ तू."

मी उठले आणि पळाले. पुढचा रस्ता मला नीट दिसला नाही, डोळे भरलेले होते. शाळेच्या दारात हेडमास्तरांनी माझं मनगट धरून मला थांबवलं, तेव्हा कळलं की दौड संपली.

संध्याकाळी घरात सगळं रोजच्यासारखं. आत्याबाई भाकरी करत होत्या, मी पीठ मळून देत होते, बूट चुलीच्या उबेला वाळत ठेवले होते. मामा येऊन पाटावर बसले आणि भिंतीकडं तोंड केलं. माझं मन जरा खट्टू झालं. म्हटलं, सकाळचं सकाळी संपलं.

"इचार तिला," ते म्हणाले, "कितवी आली."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तिसरी."

"तिसरी म्हंती," आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले, पाणी प्याले. मंग भिंतीलाच म्हणाले, "तिला म्हनावं, पुढल्या साली आमी आधीच उठून उभं राहू."

आत्याबाईंनी निरोप सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या आधीच मी म्हणाले, "बरं, मामा."

मामांचा घास तोंडापाशी थांबला आणि मंग तोंडात गेला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.