मास्तरांच्या गठ्ठ्याबाहेरचे दोन कागद

अमेरिकेत, वूस्टरमध्ये आम्हाला पहिलं घर मिळालं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे तिथलेच एक काळे गृहस्थ, गणिताचे निवृत्त शिक्षक. काळ्या माणसाला शहरात हवं तिथे भाड्याने राहता यावं म्हणून ते वीस वर्षं भांडत होते. त्यापायी दोनदा तुरुंगात गेले, एकदा पुढचे दोन दात गमावले. आम्ही नवे होतो तेव्हा चार घरमालकांनी मला 'जागा गेली' म्हणून परत पाठवलं. चौथ्याकडे मास्तर स्वतः माझ्याबरोबर आले, आणि आठवड्याच्या आत त्याच घरात आमचं सामान लागलं.

त्यांची पद्धत साधी होती. कुणाला नकार मिळाला की त्या घरी एकाच दिवशी दोन जोडपी पाठवायची, एक काळं, एक गोरं. दोघांचा पगार सारखा, मुलं तितकीच. बाहेर आल्यावर मालक काय बोलला ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. मग कुणीतरी ते दोन कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडायची. हे ताडायचं काम सात वर्षं मी केलं. "इंजिनियर, तुझा हिशेब चुकत नाही," मास्तर म्हणायचे. शनिवारी काम आटोपलं की ते आमच्याकडेच जेवत. बायकोच्या हातचा कोंबडीचा रस्सा नाक पुसत पुसत दोनदा मागून घेत.

पुढे, ऐंशीनंतर, मी तीन मजल्यांचं घर घेतलं. मुलं मोठी होत होती, नोकरीत जबाबदारी वाढली होती, म्हणून मास्तरांचं काम सोडलं. दोन वर्षांनी वरचा मजला रिकामा झाला. मराठी मंडळातल्या एका स्नेह्याने सल्ला दिला, "अहो, एक काळा भाडेकरू ठेवलात की आपला माणूस तुमचा जिना चढायचा नाही. तोंडावर नाही म्हणू नका. व्हेजिटेरियनच पाहिजे म्हणा. देवाधर्माचं कारण, कोण काय बोलणार?"

मी हसलो. त्याच्या आड मी लपत नाही. सल्ला त्याचा होता, घर माझं होतं.

पहिली आली ती हॉस्पिटलमधली एक काळी नर्स, दोन मुलींची आई. हॉस्पिटल आमच्यापासून चालत नऊ मिनिटांवर. खिडक्या बघितल्या, नळ सोडून बघितला, जागा आवडली. मी शाकाहाराची अट सांगितली. ती हसून म्हणाली, "ठीक आहे. मुली शाळेत खातील, मी ड्युटीवर खाईन."

हे उत्तर मी धरलंच नव्हतं. "कळवतो," म्हणालो. कळवलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी एक काळं जोडपं आलं, दुपारी एक गोरं. दोघांनाही दोन दोन मुलं. सात वर्षं असेच कागद ताडलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण आपण कधी त्या कागदावर येऊ असं मला वाटलंच नव्हतं.

रविवारी मास्तर आले. बसले नाहीत. दोन कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तूच ताडून बघ."

डावीकडच्या कागदावर लिहिलं होतं: घरात मांस शिजवायचं नाही, खाली देव आहेत. उजवीकडच्या कागदावर: मागच्या अंगणात खुशाल बार्बेक्यू लावा, कोळसा गॅरेजमध्ये ठेवा. दोन्ही वाक्यं माझी. शब्द न शब्द बरोबर होता.

स्वयंपाकघरात रस्सा उकळत होता. बायको दारात येऊन मराठीत म्हणाली, "वाढू का त्यांना? की आपण आता सोडलंय?"

मास्तरांना मराठी येत नव्हती, पण वास येत होता. "त्या बाईला अजून घर मिळालेलं नाही," एवढंच ते बोलले आणि गेले. कागद टेबलावरच राहिले.

मी दोन दिवस लावले. मंगळवारी नर्सला फोन केला. तिने सोमवारीच दुसऱ्या जागेचा करार केला होता, शहराच्या पार टोकाला, हॉस्पिटलपासून दोन बस दूर.

"आता मांस चालतं का?" तिने विचारलं.

"चालतं."

"मग सावकाश खा," म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तर माझ्याविरुद्ध कुठे गेले नाहीत. आमच्याकडे जेवायलाही पुन्हा आले नाहीत. दीड वर्षाने ते वारले. चर्चमध्ये सभा ठरली, तेव्हा त्यांच्या मुलीने कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आणून दिला. "स्मरणपुस्तिकेत एकूण प्रकरणांचा आकडा घालायचाय. डॅड म्हणायचे, मोजायचं तर तुम्हीच." म्हणजे त्यांनी घरीही काही सांगितलेलं नव्हतं.

मी दोनदा मोजलं. चौसष्ट जोड्या भरल्या. पासष्टावी माझ्या कपाटात होती, वरच्या खणात, विम्याच्या फाइलखाली. मी उठून खण उघडला, ते दोन कागद तिथे आहेत ना एवढं पाहिलं, आणि बंद केला.

सभेत मी सहा मिनिटं बोललो. मास्तरांनी आम्हाला घर कसं मिळवून दिलं ते सांगितलं. लोकांचे डोळे ओले झाले. नर्स तिथे होती की नाही, मान वर करून पाहिलं नाही. पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर चौसष्ट छापलं आहे. तो आकडा मी दिलेला आहे आणि तो चूक आहे.