खड्डा कोणी खणला

तांब्याभर पाणी दाखवायला घेऊन मी मालकांसमोर उभा होतो. आमच्या झिऱ्याचे पाणी. हिरवट, तोंडात धरवत नव्हते. मालकांनी तांब्याला हात लावला नाही. पायाने कलंडवला. म्हणाले, "तुमच्या पाण्याचं आणखी काय बाटायचं राहिलंय रे?"

कामगार हसले. पुनावळ्याचा एक जण म्हणाला, "लई नाजूक झाल्यात राव ही मंडळी."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. रहाटणीजवळ ओढ्याकाठी मालकांचा लहानसा कारखाना होता. सायकलच्या घंट्यांना निकेलचा मुलामा चढवायचा. वापरलेले तेजाबाचे पाणी बादलीने ओढ्यात ओतायचे, हे काम माझे. मालकांची विहीर वरच्या अंगाला. गावकुसाबाहेरची आमची वस्ती खालच्या अंगाला. तिथे वाळूत झिरा खणून बाया करवंटीने पाणी भरत.

त्या संध्याकाळी आईने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतले कातडे सुटले होते.

"पानी चावतंय रे. वर कोन काय वततंय, तुला ठावं हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते खोटे आजही घशाखाली उतरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी भरलेली बादली मी ओढ्याकडे नेली नाही. मालकांच्या विहिरीच्या काठावर ठेवली. मालक धावत आले आणि चार हात दूर थांबले. विहिरीपाशी मी उभा होतो ना.

"अरे, विहिरीत सांडेल ते."

"मला बी त्येच वाटतंय, मालक. तुमच्या बी पान्यात नको, आमच्या बी नको. ही बादली म्या वड्यावर न्हेनार न्हाई."

त्याच घटकेला मला कामावरून काढले.

आता त्यांच्या कारखान्याच्या स्मरणिकेत छापले आहे की, दूरदृष्टीच्या संस्थापकांनी परिसराच्या काळजीपोटी आपणहून चुन्याचा खड्डा बांधला आणि तेजाबाचा त्रास कायमचा मिटवला. खोटे. माझे नातू सांगतात, आजोबांनी मालकाला नमवले. तेही खोटे.

घडले ते असे. माझ्यामागे ती बादली उचलायला कोणी तयार होईना. घाण वाहणे हे आमच्या जातीचे काम. त्याला हात लावणे बाकी कामगारांना कमीपणाचे. आठवडाभर पाणी साचले, मुलामा थांबला, तेव्हा बादली उचलावीच लागू नये असा मोरीखालचा खड्डा मालकांना सुचला. आणि तो खणायचा निरोप आला मलाच.

गेलो. आईच्या झिऱ्यासाठी गेलो. पुरुषभर खोल खणला, विटा लावल्या, तेजाब मारायला चुना भरला. पुढे पाणी निवळले. आईची बोटे मात्र कधी भरून आली नाहीत. शेवटपर्यंत ती तळव्याच्या कडेने भाकरी थापत राहिली.

पुढे मी स्वतःचा लहान कारखाना काढला. घाण पाण्याची टाकी माझ्याच विहिरीशेजारी बांधली. मालकाची घाण मालकाच्या दारात असली की तो ती नीट राखतो. हे मला कोणत्याही संस्थापकाने शिकवलेले नाही.

आता त्याच कारखान्याकडून 'जुने निष्ठावंत सेवक' म्हणून सत्काराचे आमंत्रण आले आहे. जाणार आहे. शाल घेणार नाही. दोनच वाक्ये वाचीन. खड्डा मी खणला. आणि त्याआधी आईच्या पाण्यात तेजाब ओतले तेही मीच; मालकांच्या हुकमाने, माझ्या हातांनी.

दोन्ही छापा. एकही गाळू देणार नाही.